साधे पडसे आणि रक्तकर्करोगाचा रुग्ण

सर्दी-पडसे हे दुखणे आपण दुखण्यात धरीत नाही. गल्ल्यावर बसलेला मनुष्य नाक पुशीत दिवसाचा हिशेब पुरा करतो आणि चार दिवसांत बरा होतो. परंतु ज्या घरात रक्तकर्करोगाचा रुग्ण आहे, अथवा मूलपेशींचे रोपण करून कोणी परतला आहे, त्या घरात हेच पडसे प्राणावर बेतू शकते. याची कारणे व उपाय सभासद बंधुभगिनींपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

रक्तातील पांढऱ्या पेशी या शरीराच्या राखणदार होत. रक्तकर्करोगात बहुधा याच पेशी बिघडतात. आणि औषधांनी रोगट पेशींबरोबर चांगल्या पेशींचाही नाश होतो. रोपणाच्या वेळी तर तीव्र औषधांनी जुनी अस्थिमज्जा मोडून नव्या मूलपेशी रुजविल्या जातात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली असे रोपण करून भारतात या उपचाराचा पाया घातला. नव्या पेशी साधारणतः २ ते ४ आठवड्यांत रुजतात. परंतु विषाणूंशी झुंजणाऱ्या पेशींची शिल्लक पूर्ववत व्हावयास अनेक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो. रुग्ण हिंडूफिरू लागला तरी त्याचे हे भांडवल तुटपुंजेच असते.

इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा आणि २०२० पासून सर्वांच्या परिचयाचा झालेला करोना, हे विषाणू निरोगी माणसाच्या बहुधा नाकाघशापाशीच थांबतात. अशा रुग्णाच्या मात्र ते फुफ्फुसांत उतरून न्यूमोनिया करू शकतात. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. इन्फ्लुएन्झावर ओसेल्टामिविर हे औषध आहे. ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झाल्यास विशेष गुण येतो. करोनावरही औषधे आहेत. इतर बहुतेक विषाणूंवर असा खात्रीचा उपाय नाही. म्हणून रोग घरात येऊ न देणे हाच मुख्य उपचार होय.

पेडणे-डिचोलीकडील रुग्णास या उपचारार्थ बांबोळीस अथवा मुंबईस जावे लागते. तेथे डॉक्टर व परिचारिका त्यास जपतात. घरी आल्यावर ती राखण आपणांवर येते. खाली दुकान व वर बिऱ्हाड असलेल्या घरात गिऱ्हाइकाचा खोकला जिना चढून जाण्यास वेळ लागत नाही. त्यातच इन्फ्लुएन्झा आपल्या देशात पावसाळ्यात व पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास बळावतो. पावसाळ्यातच चतुर्थी येते आणि घरे पाहुण्यांनी भरून जातात. आजाऱ्याच्या समाचारास जाणे हा आपला जुना शिष्टाचार. परंतु येथे स्वतःस शिंक वा खोकला असता न जाणे, हाच खरा समाचार होय. दूरध्वनीवरून विचारपूस केल्याने जिव्हाळा उणा होत नाही.

घरातील सर्वांनी, विशेषतः मुलांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी इन्फ्लुएन्झाची लस टोचून घ्यावी. रुग्णास रोपणानंतर कोणती लस केव्हा द्यावयाची, हे त्याचे डॉक्टर ठरवितील; जिवंत विषाणूंची लस त्यांना विचारल्याविना मुळीच देऊ नये. दुकानातून वर येताच साबणाने २० सेकंद हात धुवावेत. घरात कोणास पडसे झाल्यास त्याने मुखपट्टी बांधावी, निराळ्या खोलीत निजावे आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. रुग्णाचा ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेल्यास, अथवा ताप नसतानाही खोकला किंवा धाप लागल्यास, सकाळची वाट न पाहता उपचार करणाऱ्या रुग्णालयास कळवावे. दुर्बळ शरीरात रोग असूनही ताप न येणे शक्य असते, हे विसरू नये.

रोपणास खर्च फार. दागदागिने विकूनही कुटुंबे तो करतात. एवढ्या कष्टाने परत मिळविलेला जीव एका शिंकेपायी गमवावा लागू नये, यासाठी लागणारी दक्षता मात्र विनामूल्य आहे. ती प्रत्येक घराने व प्रत्येक दुकानाने बाळगावी, अशी आमची विनंती आहे.