कुंडीतला वड का वाळतो?

प्रश्न : वडाचा जुना बोन्साय वर्षभर दुर्लक्षित राहिला. पाने गळाली, पाणी मातीवरच साचते. भरपूर खत घालू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खताला तूर्त हात लावू नका. आधी नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवी ओल दिसली, तर फांदी जिवंत आहे. पाणी वर साचते, म्हणजे मुळांनी कुंडी गच्च भरली आहे किंवा माती आवळली आहे. आपल्याकडची काळी माती उथळ कुंडीत हमखास हेच करते. गुदमरलेल्या मुळांना खत घातले, तर क्षार साठून ती करपतात. अशक्त झाडाची मुळे छाटणे धोक्याचे, असे कोणी म्हणेल. धडधाकट मुळांबाबत ते खरेच. पण काळी, मऊ, कुबट वासाची मुळे झाडाला काहीच पुरवत नाहीत. तेवढीच काढा. वड चिवट, वाड्याच्या भिंतीतही रुजणारा! जूनमध्ये हवा दमट झाली की विटांचा चुरा, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा यांत तो पुन्हा लावा, सावलीत ठेवा. जुलैच्या झडीत मात्र कुंडी पागोळ्यांखाली नको. नवी पाने जून झाल्यावरच पातळ खत द्या. तारा आणि आकार पुढच्या वर्षी.