डेंग्यू : ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

प्रस्तुत लेखाचा लेखक डॉक्टर नाही. बँकेत खातेवही सांभाळणारा, कला शाखेचा पदवीधर असा तो एक लिपिक आहे. तेव्हा वैद्यकीय विषयावर लेखणी उचलण्याचे धाडस का केले, हे प्रथम सांगणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबर महिन्यात आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील अकरावीत शिकणाऱ्या मुलाला ताप आला. रक्ततपासणीत डेंग्यू निघाला. चार दिवस ताप हटला नाही. पाचव्या दिवशी सकाळी मात्र अंग थंड लागले. आईच्या जिवात जीव आला. मुलगा पोट दुखते म्हणत होता, दोन-तीनदा उलटीही झाली. पण "ताप गेला, आता थोडा अशक्तपणा राहणारच," असे आम्ही सारे म्हणालो. मीही म्हणालो. संध्याकाळी त्याचे हातपाय गार पडले आणि नाडी हाताला लागेना. त्याला रिक्षात घालून रुग्णालयात नेले. त्या रात्री आम्ही चौघेजण प्लेटलेटच्या पिशवीसाठी कल्याणपासून दादरपर्यंत रक्तपेढ्या पालथ्या घालत होतो. मुलगा वाचला, पण तो आमच्या पिशवीने नव्हे. पिशवी पोहोचण्यापूर्वीच, शिरेतून मोजूनमापून दिलेल्या सलाईनने त्याची नाडी परत आली होती. "तुम्ही प्लेटलेट शोधत होतात, त्याच्या रक्तातले पाणी कमी झाले होते," असे तेथील डॉक्टरांनी सांगितले.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ताप उतरल्यावर माणूस दगावण्याच्या दारात कसा जातो? रक्तातले पाणी जाते कोठे? याबाबत जे वाचले, डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते आपल्या सभासदांसमोर व विद्यार्थ्यांसमोर ठेवत आहे.

रक्तवाहिनीचे अस्तर

आपल्या रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पिवळसर पाण्यासारखा असतो. त्यास रक्तद्रव किंवा प्लाझ्मा म्हणतात. उरलेल्या भागात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट असतात. हे सारे ज्या नळ्यांतून वाहते, त्या रक्तवाहिन्यांना आतून केवळ एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते. या अस्तरावर साखरेच्या रेणूंपासून बनलेला एक बुळबुळीत थर असतो. कोणते द्रव्य बाहेर जाऊ द्यायचे आणि कोणते आत ठेवायचे, हे अस्तर व तो थर मिळून ठरवतात.

एडिस जातीची डासाची मादी चावली की डेंग्यूचा विषाणू शरीरात शिरतो आणि साधारण चार ते दहा दिवसांनी ताप येतो. विषाणू पेशींमध्ये वाढत असताना एनएस-१ नावाचे प्रथिन रक्तात सोडतो. तापाच्या पहिल्या दिवसांत रक्तात जी तपासणी करतात, ती याच प्रथिनाची. हे प्रथिन केवळ खूण नाही, तर ते स्वतःच अस्तराला इजा करते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. अस्तरावरचा तो थर त्यामुळे झिजतो. त्यात भर म्हणून विषाणूशी लढताना आपल्याच शरीराने सोडलेली रसायने पेशींमधल्या फटी रुंदावतात. नळी फुटत नाही, पण पाझरू लागते.

गळती आणि दाट होणारे रक्त

पाझरते ते रक्तद्रव. तांबड्या पेशी आतच राहतात. बाहेर पडलेले पाणी पोटाच्या व फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत साचते. म्हणूनच पोट दुखते, धाप लागते. नळीत उरलेले रक्त दाट होते, रक्तदाबाचा वरचा व खालचा आकडा एकमेकांजवळ येऊ लागतो, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. वेळीच द्रव मिळाला नाही तर मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना रक्त पुरत नाही. यास डेंग्यूचा शॉक म्हणतात.

ही गळती प्रामुख्याने तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, नेमकी ताप उतरण्याच्या सुमारास होते आणि साधारण एक ते दोन दिवस टिकते. आमची चूक झाली ती येथे. ताप उतरला म्हणजे आजार संपला असे आम्ही धरून चाललो. बहुसंख्य रुग्ण त्यानंतर खरोखर बरे होतात. परंतु ज्याला धोका असतो त्याचा धोका त्याच वेळी सुरू होतो.

रक्ताच्या अहवालात पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट हा आकडा असतो. रक्तात तांबड्या पेशींचा भाग शेकडा किती, हे तो सांगतो. रक्तद्रव पाझरले की हा आकडा चढतो. एखाद्याचा ४० असलेला आकडा ४८ झाला, म्हणजे २० टक्क्यांनी वाढला, तर गळती मोठी आहे असे डॉक्टर समजतात. आपण मात्र प्लेटलेटचा आकडा तेवढा पाहतो आणि घरोघर तोच सांगत फिरतो. एकाच रकान्याकडे पाहून ताळा जुळत नाही, हे बँकेतल्या माणसास वेगळे सांगावे लागत नाही. प्लेटलेट उतरत असताना पीसीव्ही चढत असेल तर ती सावध होण्याची वेळ आहे.

प्लेटलेट आणि रक्त गोठणे

प्लेटलेट या रक्तवाहिनीला भोक पडल्यास तेथे गोळा होऊन बूच लावतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या दोन्ही बाजूंनी घटतात. हाडांच्या मगजात त्यांचे उत्पादन मंदावते, आणि तयार असलेल्या प्लेटलेट इजा झालेल्या अस्तराला चिकटून किंवा आपल्याच प्रतिपिंडांच्या माऱ्याने नष्ट होतात. शिवाय रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृतात तयार होतात. यकृताला सूज आली की त्यांचाही तुटवडा पडतो. म्हणून त्वचेवर लाल ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौचास असे प्रकार होतात.

तरीही प्लेटलेटचा आकडा व रक्तस्राव यांचे गणित सरळ नाही. आकडा बराच खाली जाऊनही अनेकांना रक्तस्राव होत नाही. मोठा रक्तस्राव बहुधा शॉक लांबल्यावर होतो. रक्तस्राव नसताना निव्वळ आकडा वाढवण्यासाठी प्लेटलेट दिल्याने रुग्णास फायदा होत नाही, असे सिंगापूर व मलेशियातील रुग्णांवर केलेल्या चाचणीत आढळले. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. पिशवी केव्हा द्यायची हे डॉक्टरांनी ठरवावे. नातेवाइकांनी तिचा हट्ट धरू नये. पपईच्या पानांच्या रसाबद्दलही हेच. त्याने रक्तवाहिन्यांची गळती थांबते असे सिद्ध झालेले नाही. रस पाजून रुग्णालय टाळणे हा जिवाशी खेळ आहे.

दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू

"एकदा होऊन गेला, आता भीती नाही," असे काहीजण म्हणतात. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेल्यावर त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, इतर तिघांपासून नाही. उलट जुनी प्रतिपिंडे नव्या प्रकारच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला मारू शकत नाहीत. तो त्यांच्याच खांद्यावर बसून पेशीत शिरतो. त्यामुळे दुसरा डेंग्यू अधिक घातक ठरण्याचा संभव असतो. लस करणे अवघड गेले तेही यामुळेच, कारण ती चारही प्रकारांवर एकाच वेळी चालावी लागते. भारतात तयार झालेल्या अशा एका लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २०२४ साली सुरू झाली.

आपल्या देशात रक्तस्रावी डेंग्यूची पहिली मोठी साथ १९६३-६४ साली कलकत्त्यात आली. १९९६ साली दिल्लीत १०,००० हून अधिक रुग्ण झाले व ४०० हून अधिक दगावले. याच डासामुळे होणाऱ्या चिकुनगुन्याची साथ महाराष्ट्राने १९७३ साली बार्शीत पाहिली आणि २००६ साली तो राज्यात पुन्हा पसरला. त्याचा मारा सांध्यांवर अधिक असतो. डेंग्यूसारखी गळती त्यात सहसा होत नाही. या विषाणूंचा अभ्यास पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था करते. १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून तिची स्थापना झाली.

आपला परिसर

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात डास म्हटले की आपण वालधुनीकडे आणि गटारांकडे बोट दाखवतो. तेथे डास होतात हे खरे, पण एडिस हा घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातला डास आहे. नळाला पाणी ठराविक वेळीच येते, म्हणून आपण पिंपे भरून ठेवतो. त्यात पडलेले टायर, गच्चीवरची उघडी टाकी, बांधकामावर साचलेले पाणी, फ्रिजमागचा ट्रे यांची भर पडते. अंगावर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो आणि फारसा दूर उडत जात नाही. तो जेथे चावतो, तेथून जवळच जन्मलेला असतो.

त्याची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीवर. अंडी कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. म्हणून पिंप नुसते रिकामे करून उपयोग नाही, आतून घासले पाहिजे. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा असे सांगतात.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. तापात डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉलच घ्यावे. अॅस्पिरिन, आयब्रुफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी प्लेटलेटचे काम आणखी बिघडते व पोटात रक्तस्राव होऊ शकतो.
२. पाणी, ओआरएस, पेज, डाळीचे पाणी थोडे थोडे सतत द्यावे. लघवी होते की नाही यावर लक्ष ठेवावे.
३. ताप उतरल्यावर दोन दिवस रुग्णावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा. डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त पुन्हा तपासावे.
४. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, कोठूनही रक्त, अस्वस्थपणा किंवा गुंगी, गार हातपाय, धाप यांपैकी एकही लक्षण दिसताच रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.
५. सलाईन घरी किंवा हट्टाने लावून घेऊ नये. गळती थांबली की पाझरलेले पाणी रक्तात परत येते. तेव्हा जादा सलाईन फुप्फुसात उतरते.

जाता जाता एक कबुली. तो मुलगा घरी आल्यानंतर नगरपरिषदेचे कर्मचारी आमच्या चाळीत पाहणीस आले. अळ्या सापडल्या त्या गटारात नव्हे, तर माझ्याच गॅलरीतल्या निळ्या पिंपात. त्या पिंपाला झाकण नव्हते. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी ते पिंप उपडे करतो व आतून घासतो. शेजारचा मुलगा, आता कॉलेजात आहे, तो स्वतःहून मदतीला येतो. हा लेख वाचून चार घरांतली पिंपे घासली गेली, तरी लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.