पुसलेली फाइल परत मिळते काय?

मार्चअखेरचे दिवस असतात. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात घरपट्टीच्या मागणीचा व वसुलीचा ताळमेळ चालू असतो. संगणकात जागा उरली नाही म्हणून संगणक परिचालक जुने फोल्डर पुसून टाकतो आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या ध्यानात येते की, नमुना ८ वरून तयार केलेली चालू वर्षाची यादीही त्यातच होती. शाळेच्या कार्यालयात हाच प्रसंग निकालपत्रकांच्या बाबतीत घडतो. मग धावपळ सुरू होते. कोणी संगणक बंद करून पुन्हा चालू करावयास सांगतो, कोणी इंटरनेटवरून एखादा प्रोग्रॅम उतरवून घेतो, तर कोणी सारी यादी पुन्हा टंकित करावयास बसतो. फाइल कायमची नाहीशी होते ती पुष्कळदा या धावपळीच्या अर्ध्या तासात. पुसण्याच्या क्षणी ती बहुधा जागच्या जागीच असते. असे का, हे नीट समजले तर पुढे काय करावयाचे आणि काय टाळावयाचे, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज उरत नाही.

(कार्यालयीन भाषेत कागदांच्या संचास आपण नस्ती म्हणतो. संगणकातील संचासाठी फाइल हाच शब्द रूढ झाला असल्यामुळे तोच येथे वापरला आहे.)

दप्तरखाना आणि त्याची सूची

तहसील कचेरीतील अभिलेख कक्ष डोळ्यांपुढे आणावा. मांडणीवर गठ्ठे रचलेले असतात आणि कोणता गठ्ठा कोणत्या खणात आहे, हे सांगणारी एक नोंदवही असते. समजा, अभिलेखपालाने नोंदवहीतील एका गठ्ठ्याच्या नोंदीवर रेघ मारली व तो खण रिकामा असे लिहिले, पण गठ्ठा मात्र उचलला नाही. वहीपुरता तो गठ्ठा संपला. प्रत्यक्षात तो खणातच आहे. पुढे नवा गठ्ठा आला की शिपाई वही पाहतो, तो खण रिकामा समजतो, जुना गठ्ठा बाहेर काढतो आणि नवा ठेवतो. खरा नाश होतो तो त्या वेळी.

संगणकाची चुंबकीय तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, याच रीतीने चालते. एक मोठी फाइल अक्षरशः कोरी करावयाची तर ती लिहिण्यास लागला तेवढाच वेळ पुसण्यासही लागेल. सूचीतील एक खूण बदलणे मात्र क्षणाचे काम असते. म्हणून संगणक केवळ खूण बदलतो.

वैयक्तिक संगणकाच्या पहिल्या दशकात, एमएस-डॉसच्या काळात, ही खूण फारच सरळ होती. फाइलच्या नावाचे पहिले अक्षर काढून त्या जागी २२९ हा ठरावीक संकेतांक लिहिला जाई. बाकीचे नाव, लांबी आणि फाइल जेथे सुरू होते त्या खणाचा क्रमांक तसाच राही. अमेरिकेतील पीटर नॉर्टन यांनी १९८२ साली याच गोष्टीचा उपयोग करून पुसलेली फाइल परत आणणारा प्रोग्रॅम तयार केला. तो वापरताना नावाचे हरवलेले पहिले अक्षर वापरणाऱ्यालाच पुरवावे लागे. कारण तेवढेच खरोखर नष्ट झालेले असे. १९९१ च्या एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीत ही सोय मायक्रोसॉफ्टने स्वतःच दिली. १९९५ मध्ये विंडोजमध्ये रिसायकल बिन आले आणि कचरापेटीतून कागद उचलावा तशी फाइल उचलणे कोणासही शक्य झाले.

त्या जुन्या पद्धतीत एक उणीव होती व पेन ड्राइव्हवर ती आजही अनुभवास येते. मोठी फाइल सलग खणांत न मावल्यास तिचे तुकडे निरनिराळ्या खणांत ठेवले जातात आणि एका तुकड्यानंतर दुसरा कोठे, याची साखळी वेगळ्या तक्त्यात लिहिलेली असते. फाइल पुसली की ही साखळीही पुसली जाते. सुरुवात सापडते, परंतु पुढचा मार्ग सापडत नाही. सलग लिहिलेली फाइल पूर्ण मिळते, विखुरलेली अर्धवट मिळते. विंडोजच्या हार्ड डिस्कवर आज सर्रास असणाऱ्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलची नोंद, तिच्या तुकड्यांच्या ठिकाणांसह, एका मुख्य तक्त्यात राहते. पुसल्यावर ती नोंद 'वापरात नाही' एवढेच दर्शविते. तिच्यावर दुसरी नोंद चढेपर्यंत परत मिळण्याची आशा बरीच असते.

आधी सोपे ते पाहावे

पुष्कळ 'हरवलेल्या' फाइली मुळात पुसलेल्याच नसतात. माउस ओढताना एक फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन पडते, हा नित्याचा प्रकार आहे. नावाने शोध घेतला की ते सापडते. कंट्रोल आणि झेड ही कळांची जोडी लगेच दाबल्यास नुकतीच केलेली कृती मागे घेतली जाते. रिसायकल बिन उघडून पाहावे. मात्र शिफ्ट कळ दाबून पुसलेली, तसेच पेन ड्राइव्हवरून किंवा जाळ्यातील दुसऱ्या संगणकावरून पुसलेली फाइल सामान्यतः तेथे येत नाही. वर्ड व एक्सेल यांत जतन न करताच बंद झालेल्या कागदपत्रांसाठी स्वतंत्र सोय असते. फाइल गूगल ड्राइव्हवर असेल तर तेथील कचरापेटीत ती ३० दिवस राहते. आणि वरिष्ठ कार्यालयास यादी ई-मेलने पाठविली होती काय, हे आठवावे. पाठविलेल्या पत्रांच्या कप्प्यात ती जशीच्या तशी असते.

पेन ड्राइव्हच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगावयास हवी, कारण शाळांमधून ती वारंवार दिसते. ड्राइव्ह उघडावा तर सारी फोल्डरे गायब आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट तेवढे दिसतात. हा एका जातीच्या विषाणूचा खेळ होय. फोल्डरे तेथेच असतात, केवळ लपविलेली असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये. विषाणूरोधक प्रोग्रॅमने ड्राइव्ह तपासून घ्यावा व नंतर अ‍ॅट्रिब या आज्ञेने फोल्डरांचा लपलेपणा काढावा. घाबरून ड्राइव्ह फॉरमॅट करणारे गुरुजी वर्षाचे काम स्वतःच्या हाताने घालवितात.

हात आवरणे

यांपैकी कोठेही फाइल मिळाली नाही, तर मात्र त्या संगणकावरील काम तेथेच थांबवावे. ही सूचना साधी आहे, पण पाळली जात नाही. संगणक नुसता चालू असला तरी विंडोज स्वतःच्या नोंदी लिहीत असते, अद्ययावतीकरण उतरवीत असते. इंटरनेट पाहिले की चित्रे साठविली जातात. यांतले कोणतेही लेखन 'रिकाम्या' समजल्या गेलेल्या त्या खणावर होऊ शकते. सर्वांत मोठी चूक म्हणजे फाइल परत आणणारा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर उतरविणे. गठ्ठा शोधण्यासाठी आलेल्या माणसाने आपली वळकटी त्याच खणात टाकण्यासारखे ते आहे.

योग्य रीत अशी: संगणक बंद करावा, डिस्क काढून दुसऱ्या संगणकास दुय्यम म्हणून जोडावी, तेथील प्रोग्रॅमने शोध घ्यावा आणि सापडलेल्या फाइली तिसऱ्याच ठिकाणी, उदाहरणार्थ बाहेरून जोडलेल्या डिस्कवर, उतरवाव्यात. पेन ड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याचे कार्ड असेल तर काम आणखी सोपे. ते काढून बाजूला ठेवले की झाले. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये विंडोज फाइल रिकव्हरी नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम दिला. तो आज्ञा टंकित करून चालवावा लागतो, व ज्या ड्राइव्हवरून फाइल आणावयाची त्याच ड्राइव्हवर तो ती लिहू देत नाही, हे योग्यच आहे.

सूचीच नष्ट झाली असेल तर फोटोरेक हा विनामूल्य प्रोग्रॅम उपयोगी पडतो. तो सूची पाहतच नाही. एकेक खण उघडून आतील मजकुराच्या पहिल्या अक्षरांवरून फाइल ओळखतो. पीडीएफ फाइल टक्क्याच्या चिन्हाने व 'पीडीएफ' या अक्षरांनी सुरू होते. वर्ड व एक्सेलच्या आजच्या फाइली वस्तुतः झिप पद्धतीने बांधलेल्या असतात व 'पीके' या दोन अक्षरांनी सुरू होतात. ही झिप पद्धतीचे कर्ते फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे होत. आपल्या प्रत्येक कार्यालयीन पत्रात ती दडलेली आहेत, ही मौजेची गोष्ट म्हटली पाहिजे. या मार्गाने फाइली मिळतात, पण नावे मिळत नाहीत. शेकडो अनाम फाइलींतून हवी ती निवडणे हे चिकाटीचे काम आहे.

या ठिकाणी मराठी कार्यालयांचा एक विशेष अनुभव नोंदविला पाहिजे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपले पत्रव्यवहार पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएम किंवा श्रीलिपी यांसारख्या प्रणालींत व त्यांच्या विशिष्ट फॉन्टमध्ये लिहिले जात. अशी जुनी फाइल परत मिळवून उघडली, की रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गोंधळ दिसतो. फाइल बिघडली असे समजून ती फेकून देण्यात येते. वस्तुतः मजकूर शाबूत असतो. मूळ फॉन्ट संगणकावर बसविला की तोच गोंधळ ग्रामसभेच्या ठरावाच्या रूपाने वाचता येतो.

जेथे आशा धरू नये

आतापर्यंतचे विवेचन चुंबकीय तबकडी, पेन ड्राइव्ह व कार्डे यांविषयीचे होते. नव्या संगणकांत फिरती तबकडी नसते. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिपांची साठवण असते. चिपेवरील जागा पुन्हा लिहिण्यापूर्वी पुसावी लागते. म्हणून फाइल पुसताच 'ही जागा आता नको' असा ट्रिम नावाचा संदेश संगणक साठवणीस देतो. विंडोजमध्ये ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. संदेश मिळाल्यावर ती जागा लवकरच खरोखर कोरी होते. अभिलेखपालाने रेघ मारताच शिपायाने गठ्ठा जाळावा तसे हे आहे. जुन्या संगणकावर फाइल परत मिळाल्याचा अनुभव असलेले कर्मचारी नव्या संगणकावर त्याच भरवशावर राहतात, म्हणून हा भेद त्यांना आवर्जून सांगावा.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर दोष यांत्रिक आहे. ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक वेळी पृष्ठभागावर अधिक ओरखडे उठण्याचा संभव असतो. तिचे काम धूळमुक्त दालनात होते व ते खर्चाचे आहे. खंडणी मागणाऱ्या विषाणूने फाइली कुलूपबंद केल्या असतील, जसे मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या विषाणूने जगभर केले, तर पुसलेल्या फाइली आणणारे प्रोग्रॅम क्वचितच उपयोगी पडतात. तेथे अगोदर घेतलेली, संगणकास जोडून न ठेवलेली प्रतच कामास येते.

आणि प्रत आहे एवढ्यावर समाधान मानू नये. १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार संस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. प्रती घेण्याची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नसल्याचे त्याच वेळी उघडकीस आले. गॅलिन सुसमन या अधिकारी महिला घरून काम करीत असल्यामुळे त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती; तिच्यामुळे चित्रपट वाचला. आपल्या कार्यालयातील प्रतीच्या डिस्कवरील एखादी फाइल तिमाहीतून एकदा तरी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली जाते काय, हा प्रश्न मासिक सभेत विचारण्याजोगा आहे.

निर्लेखन करताना

पुसलेले राहते, ही गोष्ट एका ठिकाणी सोयीची, तर दुसऱ्या ठिकाणी घातक आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील सिम्सन गारफिंकेल व अभी शेलाट या दोन विद्यार्थ्यांनी बाजारातून १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या. चालू स्थितीतील १२९ डिस्कपैकी केवळ १२ डिस्क योग्य रीतीने कोऱ्या केलेल्या होत्या. उरलेल्यांत पत्रे, वैद्यकीय माहिती आणि हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक मिळाले. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडील जुन्या संगणकांत घरकुलाच्या लाभार्थ्यांचे बँक खाते क्रमांक, विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, निवृत्तिवेतनधारकांच्या याद्या असतात. संगणक लिलावात देताना फोल्डरे पुसली, रिसायकल बिन रिकामे केले, म्हणजे कर्तव्य संपले असे मानले जाते. द्रुत फॉरमॅटनेही केवळ नवी सूची होते. चुंबकीय डिस्कसाठी विंडोजचा पूर्ण फॉरमॅट करावा. व्हिस्टा आवृत्तीपासून तो प्रत्येक खणावर शून्ये लिहितो. काही तास लागतात, ते लागू द्यावेत. एसएसडीसाठी उत्पादकाने दिलेला पुसण्याचा प्रोग्रॅम वापरावा. डिस्क चालतच नसेल तर ती काढून फोडावी.

त्यापूर्वी, त्या संगणकातील अभिलेख कोणत्या वर्गाचे आहेत हे पाहणे अर्थातच आले. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकावर निर्माण झालेले साहित्यही अभिलेखाच्या व्याख्येत घेतले आहे. राज्याचा स्वतंत्र अधिनियम २००५ चा आहे. कागदांचे निंदणीकरण करताना अ, ब, क, ड ही वर्गवारी आपण पाहतो. डिस्क कोरी करतानाही तीच पाहावी, कायम जतनाचे ते आधी उतरवून घ्यावे, आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणकाच्या निर्लेखनाची नोंद करताना डिस्क कोणत्या दिनांकास, कोणत्या रीतीने व कोणासमक्ष कोरी केली, हेही एका ओळीत लिहावे.