बाळाची झोप, आईची झोप : परिचारिकांचे संशोधन

घरात तान्हे मूल आले की शेजारपाजारच्या बायका पहिला प्रश्न विचारतात, "बाळ रात्री झोपतं का?" झोपत असेल तर आईचे कौतुक होते आणि झोपत नसेल तर सगळ्यांच्या नजरा आईकडेच वळतात. हिला दूध पुरत नसेल, हिला बाळ घेताच येत नाही, हिनेच वाईट सवय लावली. त्या आईची स्वतःची झोप किती होते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. हा दुसरा प्रश्न ज्यांनी शास्त्रीय पद्धतीने विचारला त्या परिचारिकांच्या कामाची ओळख स्मरणिकेच्या वाचकांना, विशेषतः विद्यार्थी मित्रमैत्रिणींना, करून द्यावी या हेतूने आम्ही हे लिहीत आहोत. आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत आकडे जुळवून पोट भरणारे. तेव्हा औषधोपचाराचा सल्ला येथे मिळणार नाही.

परिचारिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इंजेक्शन, सलाईन आणि वॉर्डातली धावपळ उभी राहते. तीही संशोधक असते, हे चटकन ध्यानात येत नाही. वास्तविक रोग्याच्या झोपेची काळजी हे या व्यवसायाचे जुनेच अंग आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ साली लिहिलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात आवाज आणि गोंगाट या विषयाला एक स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात कॅथरीन बर्नार्ड या परिचारिका प्राध्यापिकेने १९७० नंतरच्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास केला. काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाला हलकासा झोका आणि हृदयाच्या ठोक्यांसारखा आवाज दिला तर त्याच्या झोपेवर काय परिणाम होतो, हे त्यांनी पाहिले. आपल्या आज्यांनी पाळण्याची दोरी ओढताना जे केले तेच येथे मोजून पाहिले गेले, असे म्हणायला हरकत नाही.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी बाळाच्या झोपेविषयी थोडे समजून घेऊ. नवजात बाळाच्या शरीरात दिवस-रात्रीचे घड्याळ अजून बसलेले नसते. ते बसायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. त्याचे पोट लहान, म्हणून भूक वरचेवर लागते. झोपेचे एक आवर्तन मोठ्या माणसात सुमारे दीड तासाचे असते, तर बाळात तासाभराच्या आतबाहेर. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते आणि बाळ कुरकुरते. म्हणजे रात्री उठणे हा बाळाचा हट्ट नव्हे आणि आईचा दोषही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत, दिवसाच्या डुलक्या धरून, तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला १२ ते १६, एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, असे म्हटले आहे.

आता कॅनडाकडे येऊ. टोरांटो विद्यापीठातील रॉबिन स्ट्रेमलर या परिचारिका संशोधिकेने साधा प्रश्न घेतला : पहिलटकरणीला बाळंतपणानंतर लगेच झोपेविषयी नीट शिकवले तर तिची आणि बाळाची झोप वाढेल काय? तीस माता निवडल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटातील प्रत्येक मातेशी परिचारिकेने पाऊण तास बसून बोलणे केले, अकरा पानांची पुस्तिका दिली आणि नंतर दर आठवड्याला फोन करून अडचणी विचारल्या. दुसऱ्या गटाला केवळ संपर्क राहावा म्हणून फोन केले, सल्ला दिला नाही. बाळ सहा आठवड्यांचे झाल्यावर माता आणि बाळ दोघांनाही ॲक्टिग्राफ नावाचे यंत्र बांधले. हे मनगटी घड्याळासारखे असते आणि हालचालींची नोंद ठेवते. त्या नोंदींवरून माणूस केव्हा झोपला व केव्हा जागा होता याचा अंदाज बांधता येतो.

२००६ साली निकाल प्रसिद्ध झाला. शिकवलेल्या गटातील माता रात्री सरासरी ५७ मिनिटे जास्त झोपल्या. त्यांची बाळे रात्रीत सरासरी ७.९ वेळा जागी झाली, तर दुसऱ्या गटातील १२.३ वेळा. बाळाची सर्वांत लांब सलग झोपही ४६ मिनिटांनी अधिक भरली. पाऊण तासाचे बोलणे आणि काही फोन यांच्या मोबदल्यात बाळंतिणीला रोज जवळजवळ तासभर झोप! एवढा स्वस्त उपाय दुसरा कोणता असेल?

पण तीस माता म्हणजे फार लहान संख्या. बँकेत एका काउंटरची रोकड जुळली म्हणून शाखेचा हिशेब जुळला असे कोणी म्हणत नाही. स्ट्रेमलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला. या वेळी दोन रुग्णालयांतील २४६ पहिलटकरणी घेतल्या. तीच भेट, अधिक मोठी पुस्तिका, पुन्हा फोन. आणि २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी निकाल छापला : दोन्ही गटांतील मातांच्या रात्रीच्या झोपेत दखल घ्यावी असा फरक पडला नाही. बाळांच्या झोपेतही नाही.

विद्यार्थी मित्रांनी येथे क्षणभर थांबावे. आपल्याच आवडत्या कल्पनेची आपणच कसोटी घ्यायची, ती उतरली नाही तर तसे जगासमोर छापायचे, हे सोपे काम नव्हे. आपल्याकडे प्रकल्प वहीत "प्रयोग यशस्वी झाला" हे वाक्य प्रयोगाआधीच लिहून ठेवलेले असते! आम्हाला तर हा दुसरा निकाल पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. पहिल्या सहा-बारा आठवड्यांत बाळाचे शरीरच रात्र ओळखत नाही, तेथे आईला कितीही शिकवले तरी रात्र लांबत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. मग ज्या आईचे बाळ झोपत नाही तिला नावे ठेवण्याला कसला आधार उरला?

थोड्या मोठ्या बाळांची गोष्ट वेगळी आहे. व्हँकूव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील परिचारिका प्राध्यापिका वेंडी हॉल यांनी सहा ते आठ महिन्यांची बाळे असलेली २३५ कुटुंबे घेतली. आई-वडिलांचा गट जमवून परिचारिकांनी दोन तासांचा वर्ग घेतला आणि पुढे दोन आठवडे फोनवर साथ दिली. तुलनेच्या गटालाही तेवढाच वेळ दिला, पण शिकवले ते बाळाच्या सुरक्षिततेविषयी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गंमत अशी की, यंत्राच्या नोंदीप्रमाणे बाळांच्या रात्रीच्या जागण्यात फारसा फरक दिसला नाही. आई-वडिलांचा थकवा आणि मनाची उदासी मात्र कमी झाली, त्यांची स्वतःची झोप सुधारली, आणि बाळाची झोप ही त्यांना पूर्वीएवढी मोठी अडचण वाटेनाशी झाली. बाळ जागे झाले की प्रत्येक वेळी धावत जाऊन उचलायला नको, ते कधी कधी आपले आपण पुन्हा झोपते, हे कळल्यानेच जीव हलका होत असावा. येथे वडीलही वर्गात बसले होते, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न परिसरात माता-बाल आरोग्य केंद्रांवरील परिचारिकांनी आठ महिन्यांच्या बाळांच्या मातांना असेच मार्गदर्शन केले. ३२८ मातांच्या त्या अभ्यासात बाळ एक वर्षाचे झाले तेव्हा झोपेची तक्रार मार्गदर्शन मिळालेल्या गटात ३९ टक्के मातांची होती, तर इतरांत ५५ टक्के. मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासणी केली, तेव्हा फायदा उरला नव्हता आणि अपायही दिसला नाही.

हे सर्व वाचताना आमच्या मनात एक शंका सारखी येत होती. वेगळी खोली, बाळाचा वेगळा पलंग, मंद दिवा हे सर्व ज्यांना परवडते त्यांचे ठीक. एका खोलीत सहा माणसे राहतात त्यांचे काय? ही शंका अमेरिकेतही आली आहे. येल विद्यापीठाच्या नर्सिंग विद्यालयातील मोनिका ऑर्डवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्थिक ओढाताणीत जगणाऱ्या कुटुंबांतील लहान मुलांच्या झोपेचा अभ्यास हाती घेतला. त्याच न्यू हेवन शहरात २००२ पासून असा उपक्रम सुरू झाला की, परिचारिका आणि समाजसेविका अशी जोडी तरुण पहिलटकरणीच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत जात राहते. घरी गेल्यावरच कळते की टीव्ही ज्या खोलीत तीच झोपायची खोली, आणि आईची पाळी रात्रीची. अशा घरी पुस्तिका वाचून दाखवण्यात अर्थ नाही. घरात जे बदलता येईल तेवढेच धरावे लागते : रोज झोपायची एकच वेळ, त्याआधी अंग पुसणे, दिवा बारीक करणे, एक गोष्ट, आणि मोबाईल दूर.

आपल्या देशातील मुलांचा समावेश असलेला एक मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तो परिचारिकांचा नव्हे, जोडी मिंडेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा. भारतासह सतरा देश-प्रदेशांतील तीन वर्षांपर्यंतच्या २९,२८७ मुलांची माहिती त्यांनी पालकांकडून घेतली. न्यूझीलंडमधील मुले सरासरी ७ वाजून २७ मिनिटांनी झोपत, हाँगकाँगमधील १० वाजून १७ मिनिटांनी. आशियातील बहुतेक मुले आई-वडिलांच्या खोलीत वा अंथरुणात झोपतात, हेही त्यात दिसले. तेव्हा तिकडचे सल्ले जसेच्या तसे इकडे लागू पडतील असे समजू नये.

आपल्याकडे घरी जाणारी व्यक्ती म्हणजे आशाताई. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिच्या सहा भेटी ठरलेल्या असतात. बेचाळीस दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे, स्ट्रेमलरबाईंनी माता व बाळांना यंत्र बांधले तोच काळ. बाळाचे वजन, ताप, अंगावरचे दूध ती पाहतेच. "ताई, सलग किती वेळ झोप मिळते?" एवढे विचारायला यंत्र लागत नाही.

नर्सिंग वा समाजकार्य शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना यातून एक छोटा अभ्यास करता येईल. वहीच्या आडव्या पानावर चोवीस तासांचे चोवीस रकाने आखावेत आणि झोपेचा वेळ पेन्सिलीने काळा करावा. दोन दिवसांची नोंद पुरे. बाळासाठी एक ओळ, आईसाठी एक, आणि वडिलांसाठीही एक. आमच्या घरी मुले तान्ही होती त्या काळचा असा तक्ता आम्ही परवा आठवणीने आखून पाहिला. पहिल्या दोन ओळींत काळे-पांढरे तुकडेच तुकडे झाले. तिसऱ्या ओळीत रात्री साडेदहा ते सकाळी सहापर्यंत एकच सलग काळा पट्टा आला. तो तक्ता सौ.ने पाहिला आणि काही न बोलता परत दिला.