ग्रंथाचा मान

पुस्तकाला चुकून पाय लागला, तर आपण ते उचलून मस्तकी लावतो. वडीलधाऱ्यांचे पाहूनच हा संस्कार आपल्या अंगी येतो. असाच संस्कार आपल्या ठाणे शहरातील बेने इस्राएल समाजानेही जपला आहे.

हे यहुदी लोक अनेक शतके कोकणात राहिले. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मराठी हीच त्यांची मातृभाषा. १८७९ साली त्यांनी ठाण्यात ‘शार हाशामाइम’, म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’, हे प्रार्थनामंदिर उभारले.

यहुदी प्रार्थनामंदिरातील सर्वांत पवित्र वस्तू म्हणजे ‘तोरा’ या धर्मग्रंथाची गुंडाळी. लेखक ती चर्मपत्रावर हातानेच लिहितो. तीत ३,०४,८०५ अक्षरे असतात. त्यांतले एक जरी गळले वा तुटले, तरी दुरुस्ती होईपर्यंत त्या गुंडाळीतून पठण करीत नाहीत. पवित्र कपाट उघडताच सर्वजण उठून उभे राहतात. वाचताना अक्षरांना बोट लावीत नाहीत. टोकाशी हाताचा आकार असलेल्या शलाकेने ओळ दाखवितात. गुंडाळी हातून पडली, तर उपवास करण्याची प्रथा आहे.

मग ग्रंथ जीर्ण झाला, तर? तो रद्दीत टाकीत नाहीत. निराळ्या जागी जपून ठेवतात व पुढे माणसाप्रमाणे भूमीत पुरतात. कैरो येथील प्रार्थनामंदिरातील अशा एका कोठीत तर हिब्रू अक्षरांत लिहिलेली साधी पत्रेही शतकानुशतके साठत गेली. १८९६-९७ मध्ये तेथील असंख्य कागद केंब्रिजला नेण्यात आले. त्यांतून बाराव्या शतकात मंगळूरला राहणाऱ्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रे उजेडात आली. अक्षरांचा मान राखला, म्हणून आपल्या पश्चिम किनाऱ्याचा इतिहासही राखला गेला!

मुलांनो, ग्रंथ मस्तकी लावणे सोपे आहे. त्यातील एकेक अक्षर शुद्ध राखणे व मन लावून वाचणे कठीण आहे. खरा मान मात्र त्यातच आहे.

स्वाध्याय

१. बेने इस्राएल लोकांना ‘शनिवार तेली’ का म्हणत?
२. जीर्ण कागद जपल्यामुळे कोणता लाभ झाला?
३. तुमच्या घरी ग्रंथांचा मान कसा राखतात, ते दहा ओळींत लिहा.