इनले कार्डवरचं बारीक नाव

मासिकाचा मराठी विभाग दरवर्षी माझ्याकडे लेख मागतो आणि दरवर्षी मी ‘सिग्नल प्रोसेसिंग : काल, आज आणि उद्या’ असला काहीतरी विषय सांगून वेळ मारून नेतो. (तो लेख आजवर कोणी वाचलेला नाही. मी विचारून खात्री केली आहे.) या वर्षी विषय वेगळा आहे. एका गायकाचा माग कसा काढायचा, हा. अभ्यासाचाच लेख आहे, घाबरू नका. पण अभ्यास हॉस्टेलच्या खोलीत सुरू झालेला आहे.

मी याच कॉलेजात २००३ ते २००७ शिकलो. माझा रूम पार्टनर कमालीचा अबोल. मेसमध्ये पोळी वाढू का विचारलं तरी मान हलवून उत्तर देणार. त्याच्याकडे एक असेंबल केलेला पीसी, दोन डबडे स्पीकर आणि राइट केलेल्या सीडींचा एक गठ्ठा होता. एका रात्री त्याने ‘क्वीन्स ऑफ द स्टोन एज’ या अमेरिकन बँडची २००२ ची ‘साँग्ज फॉर द डेफ’ ही सीडी लावली. मी ड्रॉइंगची शीट घासत होतो. मध्येच तो म्हणाला, “थांब. आता ऐक. माणूस बदलला.”

खरंच बदलला होता. आधीच्या गाण्यातला गळा वरच्या पट्टीतला, गुळगुळीत. आणि हा दुसरा खोल, खरखरीत, जुन्या लाकडी दाराच्या बिजागरीतून आल्यासारखा. गाणं संपलं, आवाज गेला, पुढच्या गाण्यात पुन्हा पहिला गडी हजर. तो पाहुणा कोण, हे बघायला आम्ही नेटकॅफेत तासाचे वीस रुपये घातले आणि नाव हाती लागलं : मार्क लॅनेगन.

तेव्हापासून आम्ही त्याचे फॅन. आणि हा माणूस फॅन होऊन बसायला महाकठीण!

हा गायक कोण?

जन्म १९६४, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं एलेन्सबर्ग हे छोटं गाव. १९८० च्या दशकात तिथल्याच कॉनर बंधूंबरोबर ‘स्क्रीमिंग ट्रीज’ हा बँड. १९९२ मध्ये ‘सिंगल्स’ या चित्रपटाच्या साउंडट्रॅकमधून त्यांचं ‘नियरली लॉस्ट यू’ गाजलं. पण सिएटलच्या आसपासचे निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन जिथे पोचले तिथे हे पोचले नाहीत. २००० मध्ये बँड मोडला.

स्टेजवर लॅनेगनचा कारभार अगदी साधा. एका हाताने माइकचा स्टँड घट्ट धरायचा, जागचं हलायचं नाही, अंधुक उजेडात गायचं आणि निघून जायचं. दोन गाण्यांच्या मध्ये भाषण नाही, विनोद नाही. क्वीन्सच्या कार्यक्रमांत तर तो आपली ठरावीक गाणी गाण्यापुरता बाहेर यायचा आणि पुन्हा पडद्याआड.

आता असा माणूस ‘फॉलो’ करायचा कसा? तर त्याच्या कामावरून. तो बोलत नसला तरी ठिकठिकाणी गातो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या रेकॉर्डवर, इनले कार्डच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत.

आमची वही

पार्टनरने एक न वापरलेलं जर्नल काढलं आणि पानावर चार रकाने आखले : साल, रेकॉर्ड, सोबत कोण, याचं काम काय. नियम एकच. स्वतः ऐकल्याशिवाय नोंद करायची नाही. हा नियम त्याचा; मी असतो तर नेटवरून यादी उतरवून मोकळा झालो असतो. प्रॅक्टिकलची रीडिंग्ज आम्ही कशी ‘काढायचो’, ते स्टाफसमोर सांगत नाही.

वही भरत गेली तसे दुवे जुळायला लागले. १९९० चा त्याचा पहिला एकट्याचा अल्बम ‘द वाइंडिंग शीट’. त्यात ‘व्हेअर डिड यू स्लीप लास्ट नाइट’ हे जुनं लोकगीत आहे आणि त्यावर गिटार वाजवणारा कर्ट कोबेन, बेसवर क्रिस्ट नोवोसेलिक. दोघंही निर्वाणाचे. पुढे १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये निर्वाणाने ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमाच्या शेवटी जे गायलं, तेच हे गाणं. सगळ्या हॉस्टेलने कोबेनचं ऐकलं होतं. त्याच्या तीन वर्षं आधीची पायरी आम्हाला एका बारीक नावामुळे सापडली.

१९९५ : ‘मॅड सीझन’चा ‘अबव्ह’. मुख्य गायक लेन स्टेली, दोन गाण्यांत लॅनेगन. १९९६ पासून ‘स्क्रीमिंग ट्रीज’च्या दौऱ्यांवर जोडीचा गिटारिस्ट म्हणून गेलेला जॉश होम, म्हणजे पुढे क्वीन्सचा कर्ता-धर्ता. म्हणजे आधी होम लॅनेगनच्या बँडमध्ये पाहुणा आणि मग लॅनेगन होमच्या. २००४ : लॅनेगनचा स्वतःचा ‘बबलगम’, त्यात पी. जे. हार्वी, होम, ग्रेग डली, शिवाय ‘गन्स अँड रोझेस’चे डफ मॅकेगन आणि इझी स्ट्रॅडलिन. ज्यांच्या घरी हा गायला गेला होता, त्यांतले कितीतरी जण आता याच्या पंगतीला.

वहीतून आम्ही पहिली गोष्ट शिकलो ती ही : अबोल माणूस एकटा असतोच असं नाही. त्याची माणसं मोजायला वेगळं कोष्टक लागतं.

दोन आवाजांचं गणित

२००६ च्या सुरुवातीला ‘बॅलड ऑफ द ब्रोकन सीज’ आला. सोबत इसोबेल कॅम्पबेल, स्कॉटलंडच्या ‘बेल अँड सबॅस्टियन’मधली पूर्वीची गायिका आणि चेलोवादक. जास्तीत जास्त गाणी तिची, निर्मिती तिची. ती ग्लासगोत, हा लॉस एंजेलिसमध्ये. टेपा इकडून तिकडे जात होत्या. त्या वर्षीच्या मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीत हा अल्बम होता. पुढे २००८ आणि २०१० मध्ये त्यांनी आणखी दोन केले.

आता थोडं इंजिनिअरिंग. तिचा आवाज कुजबुजल्यासारखा, नुसता श्वास. याचा घशाच्या तळातून. तरी दोघांतला एकही दुसऱ्याला झाकत नाही. का? बॅरिटोन आवाजाची मूळ वारंवारता ढोबळमानाने १०० ते ४०० हर्ट्झमध्ये फिरते. श्वासाचा ‘स्स’ काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. कानाचा धर्म असा की जवळजवळच्या वारंवारता एकमेकींना झाकतात. लांबच्या फारशा झाकत नाहीत. म्हणून दोघं हळू गाऊनही दोघं स्वच्छ ऐकू येतात.

दुसरा प्रश्न पार्टनरचा होता. “आपले स्पीकर इतके छोटे, १५० हर्ट्झच्या खालचं काही नीट निघत नसणार. मग त्याचा आवाज एवढा खोल कसा वाटतो?” उत्तर मला दोन वर्षांनी पुस्तकात मिळालं. मूळ वारंवारता गाळली तरी तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे हार्मोनिक्स कानात पोचतात. मेंदू त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. १०० हर्ट्झ नसताना २००, ३०० आणि ४०० वरून १०० ऐकू येतो. म्हणजे आम्ही खोलीत रात्र-रात्र जो खर्ज ऐकत होतो, तो स्पीकरमधून येतच नव्हता. तो आमचा आम्ही तयार करत होतो!

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागेल.

एक न उचललेला फोन

थर्ड इयरला पार्टनरला वायडी बसला. त्या वेळच्या नियमाने हॉस्टेलची सीटही गेली. सामान भरताना त्याने वही स्वतःकडे ठेवली आणि म्हणाला, “नवीन काही सापडलं तर मिस्ड कॉल दे. मीही देतो.” आमचा कोड ठरला : एक रिंग म्हणजे नवी नोंद.

काही महिने एक-एक रिंग येत राहिली. मग एका संध्याकाळी त्याचा फोन पूर्ण वाजला. बंद झाला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदाही. दुसऱ्या दिवशी माझी कॅम्पसची ॲप्टिट्यूड टेस्ट होती. म्हटलं, याला काहीतरी जबरदस्त सापडलेलं दिसतंय, बघू नंतर. ते नंतर काही आलं नाही. टेस्ट झाली, नोकरी लागली, नंबर बदलले. रिंग बंद झाल्या. मी समजलो, गडी मुळातच अबोल, राहिला असेल आपल्या नादात.

२०२० च्या एप्रिलमध्ये लॅनेगनचं ‘सिंग बॅकवर्ड्स अँड वीप’ हे आत्मकथन आलं. लॉकडाऊन होतं, मी वाचायला घेतलं. मित्रांनो, तो खरखरीत आवाज आम्हाला ‘भारी’ वाटायचा. त्यामागची वर्षं पुस्तकात आहेत : दारू, हेरॉइन, बेघर होणं, माणसं तोडणं. त्यात भारी काही नाही. त्यानेही काही सजवून सांगितलेलं नाही. आणि एका ठिकाणी तो लिहितो की १९९४ मध्ये, कोबेनने आत्महत्या केली त्या सुमारास, कोबेन त्याला फोन करत होता. लॅनेगनने उचलला नाही. ते ओझं त्याला आयुष्यभर पुरलं.

मी पुस्तक मिटलं. पार्टनरचा जुना नंबर लागत नव्हता. तीन बॅचमेट्सना विचारून नवा मिळवला. दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

“अरे, मी बोलतोय.”

“ओळखलं. बोल.”

तालुक्याच्या गावी त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बरं चाललंय. लग्न झालंय, एक मुलगी आहे. बऱ्याच वेळाने मी विचारलं, तेव्हा तीनदा फोन का केला होतास? त्याला आठवत होतं.

“परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती दुसऱ्या दिवशी. भरू का सोडून देऊ, एवढंच विचारायचं होतं. तू भर म्हणाला असतास तर भरला असता.”

मला काही सुचेना. तोच म्हणाला, “जाऊ दे रे. नसताही भरला कदाचित. २०१२ चा ‘ब्लूज फ्युनरल’ ऐकलास का? मी ‘नोंद नव्वद’ म्हणून टाकलाय.”

त्याने वही चालू ठेवली होती. एकट्याने. ग्रेग डलीबरोबरचा २००८ चा ‘सॅटर्नेलिया’, इंग्लंडच्या ‘सोलसेव्हर्स’बरोबरचे २००७ आणि २००९ चे अल्बम, ड्यूक गारवूडबरोबरचा २०१३ चा ‘ब्लॅक पुडिंग’, अँथनी बोर्डेनच्या ‘पार्ट्स अननोन’ या मालिकेचं होमसोबतचं शीर्षकगीत, सगळं तारीखवार. मी इकडे बसून त्याच्याबद्दल जे ठरवून टाकलं होतं, ते वरच्या हार्मोनिक्ससारखं. कान स्वराची मूळ वारंवारता बिनचूक भरून काढतो. माणसाच्या बाबतीत मात्र आपण गाळलेली जागा स्वतःच्या सोयीने भरतो. गायकाच्या आणि रूम पार्टनरच्याही. तिथे विचारावंच लागतं.

शेवटच्या नोंदी

२०२१ च्या मार्चमध्ये लॅनेगनला आयर्लंडमध्ये कोविड झाला. तो कोमात गेला, काही काळ ऐकू येईना. त्यातून उठून त्याने ‘डेव्हिल इन अ कोमा’ लिहिलं. २२ फेब्रुवारी २०२२ ला किलार्नीच्या घरी तो गेला. वय ५७. त्या रात्री माझा फोन पूर्ण वाजला. मी पहिल्या रिंगला उचलला. आम्ही फार बोललो नाही.

२०२४ मध्ये ‘बबलगम’ला वीस वर्षं झाली म्हणून त्याची मोठी आवृत्ती निघाली, आधी कधी बाहेर न आलेली गाणी घालून. वहीत तीही आहे. नोंद करण्याआधी त्याने ती पूर्ण ऐकली, हे सांगायला नकोच.

आता स्वाध्याय. एक कलाकार निवडा. आपल्याकडचाही चालेल : सारंगीवाला, तबलजी, कोरसमधला गळा. ॲप एका बोटाने गाणं वाजवतं, पण कोणी काय वाजवलं ते शोधायला कष्ट घ्या. चार रकाने आखा. ऐकल्याशिवाय लिहू नका. ‘सोबत कोण’ हा रकाना सगळ्यात नीट भरा.

आणि हॉस्टेलमधल्यांनी जादा मार्कांसाठी एक करा. तुमच्या मजल्यावर जो कोणी वायडीवर आहे किंवा मेसमध्ये एकटा जेवतो, त्याचा फोन आला तर परीक्षा उद्या असली तरी उचला. दोन मिनिटं लागतात. माझी केबिन दुसऱ्या मजल्यावर, लॅबच्या शेजारी आहे. रात्री आठपर्यंत असतो. दार वाजवलंत तरी चालेल.