पोथीला पाप लागते काय?

सज्जन हो, आंजर्ल्यास चातुर्मासात पोथी चालू होती. अध्याय संपला, आरती झाली, प्रसाद वाटला. उठता उठता एका वृद्ध खलाशाने विचारले, "बुवा, पुस्तकात लिहिलंय म्हणून कुणी वाईट केलं, तर पाप कुणाचं? करणाऱ्याचं की पुस्तकाचं?"

मी म्हटले, "आजोबा, पोथी काही हात उचलीत नाही. करील तो भोगील."

त्यावर ते म्हणाले, "खाडीच्या तोंडाशी एकजण किनाऱ्यावरनं वाट दाखवतो. त्यानं चुकीची खूण केली नि होडी फुटली, तर त्याचं अंग कोरडं राहतं. पण तो सुटला का?"

हे बोलणे मनास लागले. आंजर्ल्याहून डोंगर ओलांडून गेले की महाड. तेथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. लोकांना मारहाण झाली, मागाहून तळ्याचे शुद्धीकरण झाले. करणाऱ्यांना ते पाप वाटले नाही, धर्म वाटला. कारण पाठीशी शास्त्राचा आधार. म्हणूनच त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडास मनुस्मृती जाळण्यात आली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. म्हणजे ग्रंथ कुणाचे हात बांधीत नाही. मानणे न मानणे माणसाकडे असते. तरीपण जे वचन अन्यायाला धर्माचे नाव देते, त्याच्याकडे दोषाचा वाटा जातोच.

बाबासाहेबांनी जुने सगळेच टाकले असेही नव्हे. १९२० साली निघालेल्या 'मूकनायका'च्या माथ्यावर तुकोबांचे शब्द होते, १९२७ च्या 'बहिष्कृत भारता'च्या माथ्यावर ज्ञानोबांच्या ओव्या.

हे ऐकून आपण वारकऱ्यांनी लगेच मान डोलवू नये. चोखोबांचे अभंग आपण सहाशे वर्षे गाइले, आणि त्यांच्या ज्ञातिबांधवांस पंढरीच्या देवळाचे दार बंदच राहिले. ते उघडावे म्हणून याच दापोली तालुक्यातील पालगडच्या साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपोषण करून प्राण पणास लावावे लागले. येथे अभंगाचा काय दोष? वाईट वचनाने आडोसा दिला, चांगल्या वचनाने हाक दिली. आडोसा घेतला तो आपण, हाक ऐकली नाही तेही आपणच.

असो. दुसऱ्या दिवशी मी आजोबांना सांगितले, "लिहिणाराला वाटा आहे. सांगणाराला त्याहून मोठा, कारण कोणती ओवी घ्यायची ते तो निवडतो. पण करणाराचा भार दुसरा कुणी उचलीत नाही."

तेव्हापासून पोथी बांधताना मी स्वतःला विचारतो : आज जे सांगितलं, त्यानं कुणाचं दार उघडलं नि कुणाचं बंद झालं? ऐकणारांनीही घरी जाताना हेच विचारावे.

रामकृष्ण हरी.